येसायची काळी उघाडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. आमच्या तिवरखारात कुणालाही विचारा, तो म्हणतो, "माझ्या पणजीच्याही आधीची." म्हणजे कुणालाच ठाऊक नाही. पण उघाडी आहे, काळं आहे आणि दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या लेकीचं लग्न आहे, तेव्हा गोष्ट सांगावीच लागते. ऐका तर मग. मध्ये मध्ये बोलू नका.

तिवरखार तेव्हाही इथंच होतं, खाडीला चिकटून. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि दोघांच्या मध्ये मातीचा बांध. बांध आहे तर गाव आहे, नाहीतर काही नाही. त्या बांधाच्या पोटात एक दार होतं. त्याला म्हणायचं उघाडी. सागाची जाड झडप, वरच्या अंगाला एका आडव्या लोखंडी कांबेवर टांगलेली. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून ढकलायचं, झडप उघडायची आणि पाणी खाडीत जायचं. भरती आली की खाडी बाहेरून ढकलायची, झडप मिटायची आणि खारं पाणी बाहेरच्या बाहेर राहायचं. माणसानं हात लावायला नको, राखण करायला नको. एवढंच हवं, की कांब आपल्या कड्यांत फिरती राहिली पाहिजे.

तेवढंच तर कठीण. खारं पाणी सागाला फारसं काही करत नाही, पण लोखंडावर त्याचा डूख असतो. आधी नुसती लाल पूड दिसते. मग पापुद्रे सुटतात. मग लोखंड फुगतं, कड्यात घट्ट आवळून बसतं आणि झडप ना उघडत ना मिटत. म्हणून गावचा लोहार धाकू दरवर्षी कांब काढायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. एका वर्षी जरा उशीर झाला. भरती चढत होती आणि झडप अर्धवट अडकलेली. धाकू पहार घेऊन खाली उतरला आणि त्यानं कांबेवर जोर दिला. गंजानं आतून पोखरलेली कांब मधोमध तुटली आणि सगळी झडप त्याच्या अंगावर आली. गाव वाचलं. धाकू काही वाचला नाही.

त्याची बायको येसू. तिलाच पुढं गाव येसाय म्हणू लागलं. तेव्हा तिच्या कडेवर सगुणा होती, अजून अंगावर पिणारी. येसायनं नवऱ्याला पाण्यातून काढलेलं बघितलं, त्याच्या छातीवर लाल गंजाचे ओघळ बघितले, आणि ती रडली नाही. घरी आली, त्याचा हातोडा उचलला आणि "मेल्या लोखंडा, तुझ्यापायी गेला रे तो!" म्हणून जो भिरकावला, तो कोळ्यांच्या अंगणातल्या रांजणात जाऊन पडला. त्या रांजणात ऐनाच्या झाडाच्या सालीचा काढा असायचा. कोळी जाळी त्यात बुडवतात, म्हणजे ती कुजत नाहीत.

कुणी म्हणतात खाडीची देवी येसायच्या स्वप्नात आली आणि तिनं लोखंड न गंजण्याचं गुपित सांगितलं. देवीला तेवढंच काम! रागानं फेकलेला हातोडा तो, कित्येक दिवसांनी रांजण उपसताना सापडला. बघतात तर काळाकुट्ट. कोळणीनं तो अंगणात टाकून दिला. वर खारा वारा, दव, सगळं झालं, पण हातोड्याला गंज म्हणून चढला नाही. येसायनं तो उचलला, नखानं खरवडून बघितला. आणि त्या दिवशी, इतक्या दिवसांनी, ती धाय मोकलून रडली. नवरा असताना हे कळलं असतं तर!

मग ती बाई त्या कामाच्या मागंच लागली. कांब वाळूनं घासायची, गोड्या पाण्यानं धुवायची, भट्टीत तापवायची आणि सालीच्या काढ्यात सोडायची. फस्स करून वाफ उठायची आणि लोखंड निळं-काळं होऊन वर यायचं. पुन्हा तापवायचं, पुन्हा बुडवायचं. शेवटी गरम असतानाच मुशीचं तेल चोळायचं आणि वरून मेण. मूस म्हणजे तो मोठा मासा, त्याच्या काळजाचं तेल. त्याचा वास असा की मांजरसुद्धा तोंड फिरवतं. कुणी विचारलं, की एवढा खटाटोप कशासाठी, तर म्हणायची, "माणसाला कातडी आहे, झाडाला साल आहे. लोखंडालाच देवानं उघडं ठेवलंय. मी त्याला झाडाची साल चढवते."

आणि कांब गंजली नाही. या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही. उघाडी तेल घातल्यासारखी हलायची, म्हणजे तेल होतंच म्हणा. भरतीला मिटताना आवाजसुद्धा यायचा नाही. शेतं पिकली, कोठ्या भरल्या. भात सगळ्यांना गोड लागला, येसाय मात्र कुणाला नकोशी झाली. तिच्या अंगाला तो वास. तिचे हात कोपरापर्यंत काळे, रिठ्यानं घासा की राखेनं, निघायचे नाहीत. हळदीकुंकवाला तसंही तिला कोण बोलावणार, पण पाणवठ्यावरही बायका आपली घागर जरा पलीकडं सरकवायच्या. पोरं "काळीबाय, काळीबाय" म्हणून पळायची. येसाय वर्षातून एकदा कांब काढायची, काळी करायची, बसवायची. बाकीचे दिवस विळे-कोयते.

तिला एकच घोर होता, सगुणाचा. पोर दिसायला चांगली, कामाला वाघीण, आईवर जीव टाकणारी. पण काळीबायची लेक! कुणी सोयरिकीला येईना. येसाय तिला कधी भट्टीजवळ येऊ द्यायची नाही, तेलाच्या भांड्याला शिवू द्यायची नाही. तिचे हात गोरे राहू देत, एवढंच तिचं मागणं होतं देवाकडं. "माझं झालं तेवढं पुरे," म्हणायची. "तू या वासातून सुट गो बाय."

आणि सुटायची वेळ आली. बांधाच्या पार पलीकडच्या टोकाला करंजाळी म्हणून गाव. तिथला महादू, खाऊनपिऊन सुखी घरचा, होडीवर मीठ न्यायचा. त्यानं सगुणाला बांधावरून जाता येता बघितलेलं. त्यानं घरी हट्ट धरला, लग्न करीन तर हिच्याशीच. त्याची आई म्हाळसा, नावाप्रमाणं ठसका असलेली बाई, बघायला आली. पोर पसंत पडली. नाकाला पदर लावूनच बसली होती, पण पसंत पडली. आणि जाताना म्हणाली, "वरात बांधावरून येईल. तुमची ती उघाडी वाटेतच आहे. नवी नवरी घरात आणताना पहिल्यांदा काय बघायचं, तर काळं? आमच्याकडं लग्नात काळं चालत नाही. ती चिंचेनं घासून लख्ख करा, हळदकुंकू लावा, मग वरात येईल."

गळ्यात काळ्या मण्यांची पोत घालून ही बाई बोलत होती, बरं का! पण वरमायला कोण सांगणार?

येसायला ठाऊक होतं काय मागितलंय ते. काळं गेलं म्हणजे लोखंडाची कातडी सोलली. वर चिंच आणि मीठ चोळलं, म्हणजे जखमेवर चोळलं. रात्रभर ती भिंतीला टेकून बसली असेल. सकाळी सगुणा उठली, आईकडं बघितलं आणि म्हणाली, "आये, मोडू दे लग्न. माझं काही अडत नाही." तिचे डोळे मात्र सुजलेले होते. ते डोळे येसायनं बघितले आणि तिचा विचार ठरला. ती म्हणाली, "मोडायचं कशाला? लग्न झालं की लगेच पुन्हा काळं करते. चार दिवसांत काय होतंय लोखंडाला?"

गाव तर खूशच झालं. देवाच्या समया घासाव्यात तशा बायका उघाडीवर तुटून पडल्या. चिंच, मीठ, राख, नारळाची शेंडी. कांब रुप्यासारखी चमकू लागली. तिला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. बायका म्हणाल्या, "बघा, किती छान दिसते!" येसाय दूर उभी होती. कांब उघडी पडलेली बघून ती दोन पावलं पुढं झाली. पण मांडवात सनई वाजत होती.

लग्न झालं. निघताना सगुणा आईच्या गळ्यात पडली. आपल्याकडं लेक "जाते" म्हणत नाही. ती म्हणाली, "आये, येते." येसाय म्हणाली, "ये गो, लवकर ये." वरात लख्ख उघाडीवरून वाजतगाजत गेली.

आता पुढचं ऐका, कारण घात इथं झाला. आमच्याकडं रीत होती, अजूनही काही घरांत पाळतात. लेक सासरी गेली, की ती मांडवपरतणीला जावयाबरोबर परत येईपर्यंत मांडवाच्या घरात काळ्याला शिवायचं नाही आणि भट्टी पेटवायची नाही. शिवलं तर लेकीच्या संसाराला लागतं. एरवी परतणी दोन-चार दिवसांत होते. येसायनं तेवढेच धरले होते. पण म्हाळसानं पोरीला पाठवलंच नाही. आज पाठवते, उद्या पाठवते. आज पाहुणे आहेत, उद्या दिवस चांगला नाही.

येसाय रोज उघाडीवर जायची. पहिल्या दिवशी हळदीखाली एक तांबूस ठिपका दिसला. मग ठिपक्यांची रांग झाली. मग बोट लावलं की बोटाला लाल पूड यायला लागली. काढ्याचा रांजण घरी भरून ठेवलेला, तेल तयार, कोळसा तयार. एक पेटती काडी, एवढंच अंतर होतं. ती चुलीतला निखारा चिमट्यात धरून भट्टीपर्यंत जायची आणि मागं फिरायची. पेटवलं आणि तिकडं सगुणाला काही झालं तर? सासूनं नांदवलंच नाही तर? आणि नाही पेटवलं तर? ती गावच्या पंचांकडं गेली. "दुसऱ्या कुणी तरी काळं करा," म्हणाली, "रीत माझ्या घराला आहे, तुम्हाला नाही." पंच म्हणाले, "अगं, एवढी लख्ख आहे, उगाच कशाला भितेस? सगुणा आली की तूच कर." त्या वासात हात घालायला कुणी तयार नव्हतं, खरं कारण ते. येसाय पाया पडली. त्यांनी तिला पाया पडू दिलं.

कांब फिरताना कुरकुरायला लागली. आधी कुणाला ऐकू यायचं नाही, फक्त येसायला. मग सगळ्या गावाला ऐकू यायला लागलं. असं म्हणतात, की भरतीला झडप मिटताना दार नव्हे, कुणी बाई कण्हतेय असं वाटायचं.

शेवटी करंजाळीहून निरोप आला. अवसेच्या दिवशी दुपारी लेक-जावई येतील. येसायनं आनंदानं घर सारवलं आणि सारवता सारवता तिच्या हातातला पोतेरा थांबला. अवस. उधाणाची भरती. तीही दुपारचीच.

तिनं अंगावरच्या कपड्यानिशी धाव घेतली. बांधावर पोचली तेव्हा पाणी चढत होतं आणि झडप अर्धी उघडी, तशीच उभी. कांब कड्यांत फुगून बसली होती, दगडात दगड बसावा तशी. येसायनं हातोडा मारला, तोच, धाकूचा. हातोडा काळा, कांब लाल. कांब हलली नाही. खाडी त्या अर्ध्या दारातून आत शिरली, शेतात पसरली आणि आतल्या बाजूनं बांधाची माती चाटू लागली. पलीकडच्या टोकाला दोन माणसं दिसली. एक टोपीवाला आणि एक पिवळं लुगडं.

"सगुणे, मागं फिर!" येसाय ओरडली. वारा उलटा होता. सगुणाला आई दिसत होती, आईचा आवाज ऐकू येत नव्हता. आई दोन्ही हात हलवतेय, म्हणजे बोलावतेय, असं तिला वाटलं. महिनाभर आईला न बघितलेली पोर ती. ती नवऱ्याला मागं टाकून पळत सुटली. आईकडे पळत सुटली. आणि दोघींच्या मध्ये बांध खाली बसला, सगुणाला घेऊन.

महादू मागं होता म्हणून राहिला.

ओहोटी लागल्यावर पाणी उतरलं. सगुणा उघाडीशीच सापडली. शेतातलं पाणी बाहेर निघालं होतं, त्याच्याबरोबर ती आली होती, पण झडप अडलेली होती म्हणून तिथंच थांबली. पिवळ्या लुगड्यावर कांबेचा लाल डाग उमटला होता. गावच्या बायकांनी तो धुवून बघितला. गंजाचा डाग तो, कसा निघणार? येसाय म्हणाली, "राहू दे. तिच्या बापाच्याही अंगावर होता." एवढं बोलली आणि पुन्हा कधी कुणाशी बोलली नाही.

परतणी झाली होती. लेक घरी आली होती. येसायनं भट्टी पेटवली.

इथून पुढं जे सांगतात त्यावर कुणी विश्वास ठेवावा, कुणी ठेवू नये. म्हणतात, की भाता न फुंकता ती भट्टी धडधडत होती. म्हणतात, की आवळून बसलेली कांब, जी गावच्या पुरुषांना हलेना, ती तिनं एकटीनं हातानं ओढून काढली. काढ्यात सोडताना चिमटा घेतला नाही. तापल्या कांबेला मिठीत धरलं आणि तशीच रांजणात बुडवली. वाफेत ती दिसेनाशी झाली. बाहेर आली तेव्हा हातांचं काळं खांद्यापर्यंत चढलं होतं आणि कुठं भाजल्याची खूण नव्हती. गाव उभं राहून बघत होतं. म्हाळसाही आली होती, बांधाच्या तुटल्या टोकाशी उभी. तिनं मोठ्यानं हंबरडा फोडला. येसायनं मान वर करून बघितलं नाही.

बांध पुन्हा बांधला. शेतं मात्र खारली ती खारलीच. कित्येक वर्षं तिथं भाताची काडी उगवली नाही. पांढरं मीठ फुटायचं नुसतं. अर्धं गाव उठून गेलं. जे राहिले ते येसायला वाट सोडायचे, पण आता वासासाठी नाही. लाजेनं. आपणच चिंच चोळली होती ना! कुणी तिच्या दारात भाकरी ठेवायचं, कुणी कोळसा, कोळी मुशीचं तेल आणून ठेवायचे. ती भाकरीला शिवायची नाही, तेल तेवढं उचलायची.

तिनं घर सोडलं आणि उघाडीपाशीच राहिली. दर अवसेला काळं, दर पुनवेला काळं. तिच्या अंगावरचं काळं गळ्यापर्यंत आलं, मग गालापर्यंत. पाऊस तिच्यावरून ओघळून जायचा, ती भिजायची नाही, असं म्हणतात. आणि मग असंच एकदा मोठं उधाण आलं. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं. लोक पोरंबाळं घेऊन टेकडीवर पळाले. तिथून त्यांनी बघितलं, येसाय कांबेवर हात ठेवून बसली होती आणि पाणी तिच्या पायाशी येऊन उभं होतं. पुढं येत नव्हतं, मागं जात नव्हतं. बऱ्याच वेळानं ते मुकाट्यानं उतरलं.

लोक खाली आले तर येसाय नव्हती. कुणी म्हणतं पाण्यात गेली, कुणी म्हणतं लोखंडात गेली. कांब ताजी काळी केलेली होती आणि अजून गरम होती. तिच्यावर मेणात उमटावा तसा पंजाचा ठसा होता. दोन पंजे, एक मोठा, एक लहान. लहान कुणाचा, ते मी सांगत नाही, तुम्हाला कळलंय.

त्यानंतर शेतं गोडी झाली. हळूहळू झाली, पण झाली.

आता तिथं सरकारी उघाडी आहे, मोठी, चाकं-बिकं असलेली. तिला चकचकीत चंदेरी रंग लावून गेले होते. गावानं दुसऱ्याच दिवशी त्यावर काळं चढवलं. साहेब चिडले, ओरडले आणि गेले. जुनी कांबही बाजूला खांबांवर ठेवलीय. हात लावून बघा, गंज असेल तर मला येऊन सांगा. तिला कधी कुणी घासत नाही. वरात तिथं आली की सनई थांबते, ताशा थांबतो, सगळे खाली मान घालून निमूटपणे बांध ओलांडतात.

आणि लेकीची आई. तिवरखारात लेकीची पाठवणी व्हायच्या आधी आई मांडवातून उठते. अंगाला हळद असते, हातात चुडा असतो, पैठणी असली तर पैठणीत, पण उठते. व्याही कितीही मोठे असोत, घाई कितीही असो, सगळा मांडव थांबतो. ती एकटी उघाडीवर जाते, सालीच्या काढ्यात आणि मुशीच्या तेलात हात बुडवून कांबेला काळं लावते आणि तशीच परत येते. मग लेक तिच्या पाया पडते आणि म्हणते, "आये, येते."

आई आधी आपले दोन्ही हात पुढं करून लेकीला दाखवते, हळदीवर चढलेलं काळं दाखवते. लेक ते बघते, त्यातलंच एक बोट तिच्या गालाला लागतं.

मग आई म्हणते, "ये."